प्रकाश, अवकाश आणि गळकी गच्ची

पुण्यात कोणत्याही विषयावर व्याख्यान ठेवा, माणसं येतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून संध्याकाळी कुणाचं तरी ऐकून घ्यायची या गावाला जी सवय जडली आहे, ती टीव्हीने मोडली नाही आणि मोबाइलनेही नाही. विषय ज्ञानेश्वरी असो, गुडघेदुखी असो, चांद्रयान असो की म्युच्युअल फंड. श्रोते तेच, कापडी पिशव्या त्याच आणि दुसऱ्या रांगेत रुमाल टाकून अडवलेली खुर्चीही तीच. फक्त आर्किटेक्टचं व्याख्यान असलं की या स्थिर समाजात खळबळ माजते. त्या दिवशी सभागृहात दोन जमाती येतात आणि समोरची जमात इथे कशाला आली आहे, हे दोघींनाही कळत नाही.

एक जमात आपली नेहमीची. दुसरी काळ्या कपड्यांतली. उन्हाचा कोन, वाऱ्याची दिशा, कुठला रंग किती उष्णता शोषतो हे पाच वर्षं पैसे भरून शिकलेली ही माणसं ऐन एप्रिलमध्ये काळा शर्ट घालून येतात. त्यातल्या ज्येष्ठांच्या डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा गोल चष्मा असतो. तसला चष्मा ल कॉर्बुझिए हा आर्किटेक्ट घालत असे. तो १९६५ साली भूमध्य समुद्रात पोहायला उतरला आणि तिथेच गेला. चष्मा मात्र किनाऱ्यावर राहिला असावा, कारण तेव्हापासून तो या व्यवसायात फिरतोच आहे.

निमंत्रणाची तऱ्हाही वेगळी. इतर व्याख्यानांच्या पत्रिकेवर वक्त्याचा कोट घातलेला फोटो, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रायोजक बँक आणि खाली ‘वेळेवर उपस्थित राहावे’ अशी तंबी असते. आर्किटेक्टच्या व्याख्यानाची पत्रिका म्हणजे मोठा पांढरा कागद आणि उजव्या कोपऱ्यात खाली करड्या रंगात मुंगीएवढी चार अक्षरं. आमच्या भाचीने ती मोबाइलवर पाठवली तेव्हा मला वाटलं, डाउनलोड अर्धवट झालंय. दोन बोटांनी ताणत ताणत नेल्यावर स्थळ सापडलं. विषयाच्या जागी प्रकाश, स्मृती, भूमी, मौन आणि अवकाश या पाचांपैकी दोन शब्द आणि मध्ये एक उभी रेघ होती. असे विषय सर्वांत सोयीचे. नंतर कुणी म्हणू शकत नाही की वक्ते विषय सोडून बोलले.

भाची आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. म्हणजे घरात ती क्वचित दिसते, आणि दिसते तेव्हा तिच्या बोटांना फेव्हिकॉल असतो. ‘मामा, तू ये, आयुष्य बदलेल तुझं,’ असं तिने सांगितल्यामुळे मी आणि बायको गेलो. आमचे शेजारी, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, ज्यांना अख्खी सोसायटी ‘एक्झिक्युटिव्ह साहेब’ म्हणते, तेही निघाले. आर्किटेक्ट काय बोलतो ते ऐकून घ्यावं आणि मग मनातल्या मनात ते इस्टिमेटमधून वगळावं, हा त्यांचा तीस-पस्तीस वर्षांचा सराव. आणि सोसायटीचे चेअरमन आले. त्यांना एवढंच कळलं होतं की एक मोठा आर्किटेक्ट दोन तास फुकट भेटणार आहे.

वक्त्यांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. चेअरमननी पुढे जे केलं त्यात वक्त्यांचा काही दोष नव्हता.

सभागृह कुणी बांधलं होतं माहीत नाही, पण आमच्या खुर्चीपुढे एक खांब होता. या खांबामुळे मला सबंध व्याख्यानभर वक्ते किंवा पडदा यांपैकी एकच निवडता आलं. साहेबांनी खांबाला हात लावून पाहिला आणि ‘नऊ बाय अठरा,’ म्हणून मापाची नोंद घेतली. मग दीपप्रज्वलन झालं. समई नेमकी एसीच्या झोताखाली ठेवली होती, त्यामुळे पाचांपैकी दोन वाती शेवटपर्यंत मानल्या नाहीत. मग लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांची ओळख करून देण्यात दहा मिनिटं गेली. काळ्या जमातीतले चार तरुण चार वेगवेगळ्या तारा घेऊन धावले. आणि मग परिचय. परिचय करून देणाऱ्या बाईंनी वक्त्यांचे सगळे पुरस्कार, सगळी परदेशी विद्यापीठं आणि सगळ्या जुऱ्या वाचून दाखवल्या आणि ‘त्यांना परिचयाची गरजच नाही,’ असं म्हणून त्या खाली बसल्या.

वक्ते उठले, माईक थोडा बाजूला सरकवला आणि काही बोललेच नाहीत. पडद्यावर एक वाळकं पान. चांगलं अर्धा मिनिट सगळे त्या पानाकडे बघत होते. चेअरमन माझ्या कानाशी म्हणाले, ‘अडकलं वाटतं परत.’

नाही, सुरुवात झाली होती.

पानानंतर आजोळची ओसरी आली, ओसरीनंतर दुपारी तिथे पडणारा कवडसा आला आणि मग पुण्यातल्या एका वाड्याचा नकाशा. चौक म्हणजे घराचं फुफ्फुस, वक्ते म्हणाले. आकाश खाली उतरून माणसांत बसायचं ते इथे. चौकामुळे माणसं एकत्र यायची. काळी जमात वहीत लिहून घेत होती. साहेबांचं बालपण सदाशिव पेठेतल्या अशाच वाड्यात गेलेलं. ‘यायची ना,’ ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘रांगेत. चौकात एक नळ, त्याला पाणी पहाटे चार ते सहा. बिऱ्हाडं चौदा. संडास दोन, त्यातल्या एकाला कडी नाही. आत जाणारा गाणं म्हणत बसायचा. वाड्यातले निम्मे लोक संगीताकडे वळले ते त्यामुळे.’ चौकातल्या तुळशीवृंदावनाची स्लाइड आली तेव्हा ते थोडे हळवे झाले खरे, पण लगेच म्हणाले, ‘वृंदावनाची वीट निघाली होती. मालकाने शेवटपर्यंत बसवली नाही.’

विटेचा विषय निघाला तो मग थांबेना, कारण पुढे आर्किटेक्ट लुई कान आले. कोणत्याही आर्किटेक्टच्या व्याख्यानात विसाव्या मिनिटाला लुई कान येतात आणि विटेला विचारतात की बाई, तुला काय व्हायचंय? वीट म्हणते, मला कमान व्हायचंय. अहमदाबादच्या आयआयएममध्ये त्यांनी विटेचा हा हट्ट पुरवला. भल्यामोठ्या वर्तुळाकार कमानी उभ्या केल्या. १९७४ साली अहमदाबादहूनच परत जाताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर त्यांना मृत्यू आला. २०२० च्या डिसेंबरमध्ये आयआयएमच्या अठरापैकी चौदा वसतिगृहं तडे आणि गळतीमुळे पाडायचं संस्थेने ठरवलं, जगभरातून ओरड झाली आणि काही दिवसांतच तो बेत मागे घ्यावा लागला. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. मराठी माणसाला खरं तर वीट बोलते याचं काही वाटू नये, आमच्या विटेवर प्रत्यक्ष पांडुरंग उभा आहे. पण साहेब सरकारी माणूस. ‘आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टर ज्या विटा आणायचा,’ ते म्हणाले, ‘त्या बादलीत टाकल्या की तासाभरात सांगायच्या त्यांना काय व्हायचंय ते. माती.’

मग वक्त्यांच्या स्वतःच्या कामाचे फोटो आले. इथे मी खांबाच्या बाजूने वाकून पडदा निवडला, आणि खोटं कशाला बोलू, फोटो सुरेख होते. काँक्रीटवर शटरिंगच्या फळ्यांच्या नक्षीसकट ऊन पडलंय, तळ्यात भिंतीचं प्रतिबिंब पडलंय, जिन्याला कठडा नाही. फक्त कुठल्याच घरात माणूस नव्हता. बांधकाम संपतं, फोटोग्राफर येतो आणि मालक राहायला येतात. यांच्यामध्ये एक रिकामी दुपार असते. वास्तुकला त्या दुपारी अस्तित्वात असते. बायको प्रत्येक स्लाइड स्वयंपाकघराच्या बाजूने तपासत होती. ‘मिक्सरचा प्लग कुठाय? सिलिंडर कुठे ठेवतात? एवढी पांढरी भिंत गॅसच्या मागे? हे लोक फोडणी देत नाहीत का?’ दहाव्या की अकराव्या घरात एका कोपऱ्यात, चुकून राहिलेली असावी, केरसुणीची दांडी दिसली. बायकोने इतक्या मोठ्याने ‘आली!’ म्हटलं की पुढच्या रांगेतली दोन काळी डोकी मागे वळली. त्यांना वाटलं असणार, हिला प्रकाश समजला.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. साधारण पाऊण तासानंतर वक्त्यांनी स्वतःची घरं बाजूला ठेवली आणि दुसऱ्यांच्या इमारतींबद्दल बोलायला लागले, तेव्हा व्याख्यान चांगलं झालं. आर्किटेक्ट आपल्या कामाबद्दल बोलतो तेव्हा कविता करतो आणि दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलतो तेव्हा शुद्धीवर असतो. ते चार्ल्स कोरियांबद्दल बोलले. मुंबईच्या कंबाला हिलवर १९८३ साली उभा राहिलेला कांचनजंगा हा बत्तीस फ्लॅटचा मनोरा. मुंबईत घराचं तोंड कुठे करायचं ही जुनी पंचाईत. पश्चिमेला समुद्र दिसतो आणि वाराही तिकडूनच येतो. पण दुपारचं ऊनही तिकडूनच आणि पावसाचा मारही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय शोधला होता, घराभोवती व्हरांडा फिरवायचा, म्हणजे ऊन-पाऊस आधी त्याच्या अंगावर जातात. कोरियांनी तो व्हरांडा उचलला, दोन मजले उंच केला आणि मनोऱ्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत खोल कोरून बसवला. हे त्यांनी एका साध्या छेदचित्रावर बोट फिरवून दाखवलं, वारा कुठून शिरतो, ऊन कुठे अडतं. आणि सभागृहात त्या संध्याकाळी प्रथमच दोन्ही जमातींनी एकाच वेळी माना डोलावल्या.

चेअरमनही डोलले. मग म्हणाले, ‘दोन मजली टेरेस? आणि कुणी अजून बंद केली नाही?’

त्यांना दोष देता येत नाही. बाल्कनी बंद करणं हा महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत यशस्वी वास्तुप्रकल्प आहे. आराखडा कुणाचाही असो, ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांत बाल्कनीला सरकत्या काचा, खिडक्यांना पेटीसारख्या बाहेर काढलेल्या जाळ्या, जाळीत तुळस, जुने पेपर आणि मुलाची लहानपणची सायकल, आणि गच्चीवर निळा पत्रा. हवाई जहाजातून पुणं पाहिलं तर निळ्या पत्र्याखेरीज दुसरी शैली दिसत नाही.

बेलापूरची गोष्ट तर मला फार आवडली. नवी मुंबईत ऐंशीच्या दशकात कोरियांनी लहान लहान बैठ्या घरांची वसाहत आखली. सात-सात घरं एका अंगणाभोवती, घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, म्हणजे पुढेमागे पैसा आला, सून आली, की ज्याने त्याने आपलं घर शेजाऱ्याला न विचारता वाढवावं. आणि माणसांनी ते वाढवलं. इतकं वाढवलं की बऱ्याच ठिकाणी मूळ घर पाडून त्या जागी दोन-तीन मजली बंगले उभे राहिले. वक्ते म्हणाले, हेच या योजनेचं यश. बायको बराच वेळ विचार करत होती. ‘म्हणजे घर टिकलं तर यांचं कौतुक,’ ती म्हणाली, ‘आणि पाडलं तरी यांचंच?’

आपल्या गावची इमारत आली तेव्हा सभागृह सैलावलं. विद्यापीठाच्या आवारातलं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र कोरियांचं आहे हे अर्ध्या श्रोत्यांना माहीत नव्हतं, पण विज्ञान दिनाला नातवंडांना घेऊन सगळे तिथे जाऊन आले होते. काळ्या दगडाच्या भिंती, मधलं कुंड, त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. साहेब पुढे झुकून पाहत होते. ‘दगड चांगला बसवलाय,’ ते म्हणाले. सार्वजनिक बांधकाम खात्यात याच्या वरचा किताब नाही.

बाळकृष्ण दोशी आले तेव्हा तर पुण्याने त्यांना लगेच ताब्यात घेतलं. प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय, २०१८ साली, आणि जन्म पुण्याचा, १९२७ चा. त्यांनी सगळं आयुष्य अहमदाबादेत काढलं हा तपशील आमच्या बाजूच्या आजोबांनी हाताने झटकून टाकला. अहमदाबादच्या ‘संगाथ’ या त्यांच्या कार्यालयाचे फोटो होते. कार्यालय अर्धं जमिनीत, वर अर्धगोल छपरं, आणि छपरांवर फुटक्या चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांचं अस्तर, म्हणजे ऊन परत जावं. वक्ते त्या तुकड्यांवर फार सुंदर बोलले. चेअरमन एकदम ताठ झाले. ‘चायना मोझॅक! आपल्या गच्चीवर बिल्डरने केलं होतं की! आपण उखडून टाकलं.’

‘का हो?’ मी विचारलं.

‘जुन्या पद्धतीचं दिसत होतं.’

शेवटी चंडीगड. ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या. त्या मोडल्या, वेत फाटले, कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या; आता त्याच खुर्च्यांना परदेशातल्या लिलावांत लाखांनी भाव येतो. हे ऐकून साहेबांचा चेहरा उतरला. खात्यात असताना त्यांनी स्वतःच्या सहीने कितीतरी खुर्च्यांचं निर्लेखन केलं होतं. ‘आमच्याही सागवानीच होत्या,’ ते म्हणाले, ‘पण आमच्यावर बसणाऱ्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही.’

टाळ्या झाल्या आणि निवेदिकेने वेळेअभावी फक्त तीन प्रश्न घेऊ असं जाहीर केलं. प्रश्नोत्तरं हा आपल्याकडे व्याख्यानाचा उत्तरार्ध नसतो, ते श्रोत्यांचं व्याख्यान असतं. पहिला माईक एका विद्यार्थ्याच्या हाती लागला. तो इंग्रजीत इतकं लांब आणि अवघड बोलला की वक्त्यांनी ‘होय’ म्हणून सुटका करून घेतली, आणि त्याचं समाधान झालं. दुसरे गृहस्थ ‘माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे,’ म्हणून उभे राहिले आणि शनिवारवाड्याच्या कारंज्यापासून निघून स्मार्ट सिटीपर्यंत चालत आले. मध्येच एका काकूंनी माईकशिवायच विचारून टाकलं की ईशान्येला संडास आला असेल तर भिंतीला आरसा लावून दोष जातो का. काळी जमात हसली. वक्ते हसले नाहीत, हे मला आवडलं. ते म्हणाले, ‘ईशान्येचं मला सांगता येणार नाही, पण त्याला खिडकी आहे का?’ नव्हती. ‘मग खिडकी पाडा. निम्मा दोष जाईल.’

आणि तिसरा माईक चेअरमननी घेतला.

‘मामा, प्लीज, त्यांना बसव,’ भाची म्हणाली. पण सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चेअरमनला बसवण्याची तरतूद कायद्यात असली, तरी ती इतकी झटपट नाही. ‘सर, व्याख्यान फारच छान,’ त्यांनी सुरुवात केली. ‘प्रकाश समजला, अवकाशही समजला. आमची गच्ची गळते. दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, वर पत्रा घातला, तरी चौथ्या मजल्यावर देवघरात ठिपकते. तर आर्किटेक्ट लोकांचं यावर काय म्हणणं आहे?’

हशा पिकला. भाचीने वही डोक्यावर घेतली. वक्ते मात्र खुलले. संध्याकाळभर इतके खुलले नव्हते. त्यांनी पॅरिसजवळच्या पोसीमधल्या व्हिला साव्होय या घराची गोष्ट सांगितली. १९३१ साली पुरं झालेलं, आधुनिक वास्तुकलेचं अगदी तीर्थक्षेत्र. सपाट छप्पर, गच्चीवर बाग. पहिल्या पावसाळ्यापासून गळायला लागलं. मालकीणबाई ल कॉर्बुझिएला पत्रांमागून पत्रं लिहीत होत्या की दिवाणखान्यापुढे पाऊस पडतोय, उतरणीवर पाऊस पडतोय, बाथरूममध्ये पाऊस पडतोय, आणि हे घर राहण्याजोगं करून द्या, नाहीतर मी कोर्टात जाईन.

‘मग? काम करून दिलं?’ चेअरमन म्हणाले. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना शेवटच्या बिलापर्यंत लागते.

‘तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४० मध्ये कुटुंबाने घर सोडलं. आधी जर्मन सैन्य येऊन राहिलं, मग अमेरिकन.’

‘म्हणजे आर्किटेक्ट सुटला.’

‘नुसता सुटला नाही, १९६५ साली फ्रान्स सरकारने त्या घराला राष्ट्रीय स्मारक केलं. आता तर ते जागतिक वारशाच्या यादीत आहे.’

चेअरमन विचारात पडले. सोसायटीचं एकूण वय आणि देवघरातलं ठिपकणं पाहता स्मारकाचा प्रस्ताव वार्षिक सभेपुढे ठेवता येईल का, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. वक्त्यांना आता कुणी थांबवू शकत नव्हतं. फ्रँक लॉइड राइटचा किस्सा झाला. जेवताना डोक्यावर पाणी ठिपकतंय अशी तक्रार करणाऱ्या मालकाला त्याने खुर्ची सरकवून घ्यायला सांगितलं म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीने फ्रँक गेरीच्या इमारतीच्या गळतीबद्दल २००७ साली त्याच्यावर चक्क दावा लावला होता, तो पुढे तडजोडीने मिटला, तेही सांगून झालं. शंभर वर्षांची आधुनिक वास्तुकला पाण्याच्या बाजूने ऐकताना नेहमीची जमात अशी रंगली की दुसऱ्या रांगेतले रुमालवाले आजोबा टाळी द्यायला शेजारी शोधू लागले. साहेब तृप्त होते. ‘बघा,’ ते भाचीला म्हणाले, ‘१९७२ च्या कायद्याने आर्किटेक्ट या नावाला संरक्षण आहे. नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. गच्चीला मात्र कायद्यात काहीच नाही.’

आभारप्रदर्शनात ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार मानून झाले आणि बाहेर चहा-खारी होती. तिथे चेअरमननी वक्त्यांना गाठलंच. भोवती सेल्फीवाली काळी मुलं, मध्ये वक्ते, हातात चहाचा कागदी कप, आणि चेअरमन मोबाइलवर गच्चीचे फोटो एकामागून एक सरकवताहेत. त्यांत माणसं नव्हती, पण वाळत घातलेल्या मिरच्या होत्या. वक्त्यांनी दोन बोटांनी एक फोटो मोठा केला आणि अचानक त्यांचं मराठी बदललं. दोन तास जे प्रकाशाच्या पोताबद्दल बोलत होते ते सरळ कोल्हापुरी बोलायला लागले.

‘ह्यो कोबा कवा केला?’

‘दोन हजार बारा-तेराला.’

‘उतार किती दिला?’

उतार किती दिला हे कुणालाच माहीत नव्हतं. ‘शंभराला एक तरी पाहिजे. आणि ही सोलरची टाकी कवा बसवली?’

‘त्याच्या पुढच्या वर्षी. महापालिकेच्या करात सवलत मिळते ना.’

‘आणि गळायला कवा लागलं?’

चेअरमन गप्प झाले. सोलर त्यांच्याच कारकिर्दीतला, आणि त्याचं उद्घाटनही त्यांनीच नारळ फोडून केलं होतं. वक्त्यांनी कप खाली ठेवला, टेबलावरचं एक अभिप्राय पत्रक उलटं केलं, खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्या छेदचित्र काढलं. खाली स्लॅब. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. कठड्याच्या मुळाशी गोलसर वाटा, म्हणजे कोपऱ्यात पाणी थांबणार नाही. आणि कोबा फोडून आत घुसलेले सोलरच्या स्टँडचे चार पाय, शेजारी पत्र्याच्या शेडचे सहा. ‘पावसाला मधी यायला तुम्हीच धा दारं ठेवलीत,’ ते म्हणाले. ‘पाय उचला. खाली काँक्रीटचे ठोकळे करून त्यावर ठेवा, कोब्याला भोक नको. वाटा परत करा. आणि पत्रा काढलात तर लई बरं.’ बाणाने पाण्याची वाट दाखवली, कोपऱ्यात आउटलेट काढलं आणि सवयीने खाली सही ठोकली.

दोन तासांत वक्त्यांनी शे-सव्वाशे स्लाइड दाखवल्या होत्या. पण एक्झिक्युटिव्ह साहेबांनी चष्मा पुसून पाहिली ती ही एकच गोष्ट. ‘याला ड्रॉइंग म्हणतात,’ ते म्हणाले आणि वक्त्यांशी हस्तांदोलन केलं.

घोटाळा त्यानंतर झाला. भाची कागदावर झडप घालून म्हणाली, हे मी फ्रेम करणार. चेअरमन म्हणाले, छे छे, हा संस्थेचा दस्तऐवज आहे, सोमवारी कॉन्ट्रॅक्टरला दाखवायचाय. ‘त्याला झेरॉक्स दाखवा ना, काका!’ चेअरमन म्हणाले, झेरॉक्स दाखवली की तो भाव वाढवतो. सहीचं ओरिजिनल पाहिलं की घाबरून नीट काम करतो. साहेबांनी मध्यस्थी करायची तर ते चंडीगडच्या खुर्च्यांनी आधीच पोळलेले. ‘हे निर्लेखनात जाऊ देऊ नका,’ त्यांनी बजावलं. ‘तीस वर्षांनी लंडनला लिलाव होईल, तेव्हा सोसायटीचं रिडेव्हलपमेंट यात होऊन जाईल.’ त्यानंतर चेअरमनचा निर्णय पक्का झाला. मूळ कागद ‘गच्ची : पत्रव्यवहार’ या फाइलला लागेल. प्रत हवी असल्यास उपविधीप्रमाणे लेखी अर्ज करून शुल्क भरावं. आणि भाची संस्थेची सभासद नसल्यामुळे अर्ज तिच्या नावाने चालणार नाही, मामांच्या नावाने द्यावा.

कोरा कागद कुणाकडेच नव्हता. मी आणखी एक अभिप्राय पत्रक घेतलं आणि ‘या व्याख्यानातून आपणांस काय मिळाले?’ या प्रश्नाखालच्या चार ओळींत ‘मा. चेअरमन साहेब यांस, स.न.वि.वि.’ लिहून अर्ज पुरा केला. चेअरमननी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, आवक क्रमांक सोमवारी मिळेल.